पडलेला प्लग
पडलेला प्लग इंजिनात घालायचा नाय, हा बुद्धभूषणच्या गॅरेजचा कायदा सगळ्या मुरबाडला पाठ होता. गिऱ्हाईक प्रणयनं आपल्या मॉडिफाय केलेल्या गाडीसाठी भारीतले प्लग ऑनलाइन मागवले, तेव्हा "कंपनीचेच राहू दे रे," असं बुद्धभूषणनं बजावलंही होतं. बसवताना त्यातला एक बुद्धभूषणच्याच हातातून फरशीवर पडला. प्रणय चहा सांगायला गेला होता. बुद्धभूषणनं प्लग शर्टाला पुसला, पहिले आटे नेहमीसारखे बोटांनी फिरवले आणि पान्यानं आवळला. आज गाडी झटके खात परत आली. त्यानं तोच प्लग आधी खोलला. पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी चीर होती. प्रणयनं मान खाली घातली. "दादा, तुमी सांगत होता. मीच भिकार माल आणला. चुकलं माझं." खरं सांगायला बुद्धभूषणनं तोंड उघडलं. "असू दे रे. पुढच्या टायमाला ऐकत जा माझं."