एकोणिसावं मिनिट

बाबांनी पहिल्या फुग्याला फेस लावला, वस्तरा उघडला आणि फुग्यालाच म्हणाले, "मान सरळ ठेवा, साहेब."

डॉक्टरीणबाई हसल्या. लेकीला हसू आलं नाही. विमा कंपनीच्या आधीच्या डॉक्टरांनी बाबांना बोट नाकाला लावायला सांगितलं होतं, हात समोर धरायला लावला होता आणि चार मिनिटांत लिहून टाकलं होतं : हात स्थिर, काम करू शकतात. अपंगत्वाचा दावा नामंजूर. आज फेरतपासणी होती, शेवटची. कामाची हत्यारं घेऊन या, असं पत्रात होतं. उस्तादांकडे दाढी करायला शिकताना बाबांचा हात फुग्यांवर बसला होता, म्हणून त्यांनी तीन फुगेही आणले होते.

वस्तरा सरसर फिरला. फुगा गुळगुळीत, कुठे ओरखडा नाही.

"बघा!" बाबा खूश.

"बाबा," लेक दबक्या आवाजात म्हणाली, "इथे बक्षीस मिळणार नाहीये."

"मग काय मुद्दाम फोडू? वस्तऱ्याशी बेइमानी मला नाही जमायची."

घड्याळात सहा मिनिटं झाली होती. संपलंच, लेकीला वाटलं. पण डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"दुकानात एकामागून एक गिऱ्हाईक यायचं ना? चालू ठेवा. मला घाई नाही."

दुसरा फुगाही पार पडला. मात्र ब्रश बुडवताना तो वाटीच्या काठावर टकटक वाजू लागला. डॉक्टरीणबाईंनी काहीतरी टिपलं. तिसऱ्या फुग्याला बाबांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं.

"धरू नका. डावा हात गिऱ्हाइकाच्या गालावर असतो ना?"

बाबांनी लेकीकडे पाहिलं. मग मनगट सोडलं.

फाट्!

फेस डॉक्टरीणबाईंच्या चष्म्यावर, टेबलावरच्या कागदांवर, बाबांच्या मिशांवर. मग बाबाच खो खो हसत सुटले. दुकान बंद झाल्यापासून लेकीने ते हसू ऐकलं नव्हतं.

"उस्ताद असते तर टपली बसली असती!"

डॉक्टरीणबाईंनी बोटाने चष्म्याची एक काच पुसली आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "तेराव्या मिनिटापासून कंप. एकोणिसाव्या मिनिटाला हातावर ताबा नाही. हा व्यवसाय करता येणार नाही. दावा रास्त आहे."

"परत एकदा वाचता?" बाबा म्हणाले.

त्यांनी वाचलं. बाबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून पुढे केला. "डाव्या भुवईवर राहिलाय, बाई."

फाटकाशी पहारेकऱ्याने बाबांच्या हातातले दोन फुगे पाहिले.

"वाढदिवस का, काका?"

"छे हो," बाबा म्हणाले. "शेवटची दोन गिऱ्हाइकं. घरी सोडायला निघालोय."