शांतारामची खिडकी

बारशाच्या दिवशी, पाळण्यात घालण्याआधी, कुंदानं तान्ही नात शांतारामच्या डब्यासमोर धरली. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. त्याचा आवाज, त्याचं बोलणं कंपनीनं कंपाइल करून, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवून, या डब्यात पक्कं बसवलं होतं.

“अहो, ही तुमची नात. इरा ठेवतोय नाव.”

“कोण आलंय? बसायला द्या,” डबा म्हणाला.

नवं काही कानावर पडलं, की हेच उत्तर. डबा बनवताना तंत्रज्ञानं विचारलं होतं, “काकू, एक खिडकी ठेवू का? नवं वाक्य आलं, तर काका जागच्या जागी त्याचा अर्थ लावतील.” कुंदानंच नको म्हटलं. शेजारच्या ठाकूरांनी त्यांच्या आजोबांच्या डब्याला खिडकी ठेवली, तर नातवंडांनी आजोबांना आईबहिणीवरून शिव्या शिकवल्या. माझा माणूस होता तसाच राहू दे, म्हणाली. राहिला! माणूस कसला, झाकण लावलेली बरणी. आता खिडकी पाडायची म्हटलं, तर ज्यावरून तो बनवला ते मूळच कंपनीनं पुसून टाकलेलं.

“कुंदा, चहा टाक गं,” डबा लाडानं म्हणाला. बाईमाणसाचं तेवढं एकच नाव त्याला येत होतं.

कुंदानं सुनेकडे पाहिलं. “रेश्मा, हिचं नाव कुंदा ठेव.”

“आई, जित्या माणसाचं नाव ठेवतं का कुणी?”

“मग मला आजपासून नुसतं आजी म्हणा.” तिनं बाळाला डब्याच्या आणखी जवळ नेलं. “अहो, ही कुंदा.”

“कुंदा,” डबा म्हणाला, “जेवलीस का?”

सवयीनं ओठांवर आलेलं ‘हो’ तिनं गिळून टाकलं.