पोट न दिसणाऱ्या बाईची सुट्टी

"पोट तं दिसत नाई, अन् बाळंतपणाची सुट्टी मागते," मुखरूभाऊ म्हणाले आणि खो खो हसले.

मोहर्ली गावातल्या एका रिसॉर्टचे ते मॅनेजर. बायकांची सुट्टी ते नजरेनंच ठरवत. पोट दिसलं तर अर्ज घ्यायचा, नाही तर हाकलून द्यायचं. समोर कुंता उभी होती. स्वयंपाकघरातली, त्यांच्याच गल्लीतली, चाळिशी ओलांडलेली विधवा.

"दत्तक घेऊन राह्यली, भाऊ. दीड महिन्याचं हाये. घरी कोणी नाई माह्या. पगारी सुट्टी नाई भेटली तं लेकरू घेता येत नाई."

"मंग नोको घेऊ. कोणाचं हाये?"

"एका पोरीचं. लग्न नाई झालं तिचं."

मुखरूभाऊंना शिसारीच आली. "कोणाची तरी घाण तू उचलायची, अन् पगार आम्ही द्यायचा? त्या पोरीचे मायबाप काय झोपले होते? लाज कशी नाई वाटत अशा लोकाईले?"

कुंतानं अर्जाचा कागद टेबलावर पुढं सरकवला.

"थांब, तुले कायदाच दाखवतो." त्यांनी लेकीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. डिंपल नागपुरात वकिली शिकत होती. अभ्यासापायी ती दिवाळीलाही घरी आली नव्हती, आणि हे ते गावभर मिरवत फिरत.

"डिंपल, इथी एक बाई दत्तक लेकरासाठी पगारी सुट्टी मांगून राह्यली. असं काही नसते म्हणून सांग तिले."

रेंज गेली असं समजून मुखरूभाऊ दोनदा हॅलो हॅलो ओरडले.

"असते, बाबा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ रीतसर दत्तक घेतलं, तर बारा आठवडे. पगारासकट." मग हळूच म्हणाली, "देऊन टाका ना."

मुखरूभाऊंचं तोंड कडू झालं. पण लेकीपुढं त्यांचं काही चालत नसे. त्यांनी सही ठोकली आणि कागद कुंताच्या अंगावर भिरकावला.

"जाय. माह्या पोरीमुळं भेटली म्हणून समज. याले म्हणते संस्कार. नाई तं ते तुही लेकरू देणारी पोरगी!"

"खरं हाये, भाऊ," कुंता म्हणाली.

थोड्या वेळानं चहा सांगायला ते मागं गेले. कुंता भांडी घासायच्या मोरीपाशी पाठमोरी उभी होती, फोन कानाला लावून.

"रडू नोको, माय. देल्ली तुह्या बाबानं सुट्टी. लेकराले घेऊन ये आता."