खिडकीचं वाक्य

उगमयंत्राने प्रा. वैजयंती खरातांच्या नव्या शोधनिबंधातल्या प्रत्येक वाक्याखाली ते पहिल्यांदा बोलणाऱ्याचं नाव टाकलं. एका वाक्यापाशी त्या थांबल्या: ‘मार खायच्या आधी बाई खिडकी लावून घेते.’ अकरा वर्षं विद्यार्थी ते वैजयंतीबाईंचं म्हणूनच लिहीत होते. आता खाली आलं होतं: शेवंता डोईफोडे, विडी कामगार, सिन्नर.

नाव काढून टाकायचा हक्क फक्त मूळ बोलणाऱ्याला होता. अकरा वर्षांपूर्वी संशोधनासाठी मुलाखत घेतलेल्या शेवंताबाईंना वैजयंतीबाईंनी फोन लावला.

“शेवंताबाई, तुमचं वाक्य मी माझं म्हणून मिरवलं. चुकलंच माझं. आता तुमचं नाव छापून येईल.”

“नाव कुठंच येणार नाही म्हणाला होता तुम्ही, म्हणून तर बोलले मॅडम! घरी आमच्या मालकांना कुणीतरी सांगेलच. तुमचंच नाव असू द्या.”

वैजयंतीबाईंना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच शरम वाटली.

“कुणाशी बोलतीस गं?” पलीकडे पुरुषाचा आवाज चढला.

“कुणाशी नाही,” शेवंताबाई म्हणाल्या. गडबडीत फोन चालूच राहिला, आणि खिडकी लावल्याचा आवाज वैजयंतीबाईंना स्पष्ट ऐकू आला.