भक्कम टेकू

"गॅरेजवाल्यांना काय कळतंय?" म्हणत नवऱ्याने जुन्या पलंगाच्या लाकडांचे टेकू ठोकले आणि त्यांच्यावर गाडी चढवली. "नको ना रे खाली शिरूस," मी परोपरीने विनवलं. "भित्री भागूबाई! अगं, वर हत्ती नाचवलेस तरी हलायचे नाहीत," असं ऐकवून साहेब शीळ घालत गाडीखाली आडवे झाले.

पाना घ्यायला तो बाहेर आला, तेवढ्यात आमची रांगती लेक गाडीखाली शिरायला निघाली. साहेबांनी अशी काही झडप घातली! तिला ओढून छातीशी धरलं, ते सोडायलाच तयार नाहीत.

मी भाबडेपणाने विचारलं, "का रे, टेकू हलले का?"



"हलायला काय झालंय त्यांना! तू आधी गॅरेजवाल्याचा नंबर दे."