नसलेल्या बाँडांचं व्याज

“व्याजाचा रकाना कुठाय यात?” आईने विचारलं आणि खुर्ची लॅपटॉपच्या आणखी जवळ ओढली.

“येईल गं पुढे. आधी पेन्शन तर भरू दे,” पिंट्या म्हणाला.

चाळिशी उलटली, स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल झालं, डोक्यावरचे निम्मे केस गेले, तरी आईसाठी तो पिंट्याच होता. आई मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. कुठल्या पेशंटने गोळी गिळली आणि कुठल्याने गालात धरून ठेवली, हे तिला म्हणे दारातूनच कळायचं. अशा बाईच्या शेजारी बसून खोटं टाइप करायची वेळ पिंट्यावर आली होती.

दरवर्षी तो तिचं इन्कम टॅक्सचं रिटर्न आपल्या घरी बसून भरायचा. ती फक्त फोनवर आलेला ओटीपी सांगायची. या वर्षी मात्र तिने हट्टच धरला. नवं सॉफ्टवेअर आलंय, मलाही शिकायचंय, इथे येऊन माझ्यासमोर भर.

समोर भरायचं काय, कपाळ? बाँड होतेच कुठे?

सात वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर आईने फंडाची सगळी रक्कम त्याच्या हवाली केली होती. ‘सरकारी बाँड घे म्हणजे बुडायची भीती नको,’ एवढंच तिने बजावलं होतं. नेमक्या त्याच आठवड्यात त्याच्या भागीदाराला दोन जुन्या गाड्या स्वस्तात मिळत होत्या. सहा महिन्यांत पैसे मोकळे होतील, मग बाँड घेऊ, असं पिंट्याने ठरवलं. गाड्या भंगारात गेल्या, भागीदाराने काखा वर केल्या आणि बाँड राहून गेले.

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी तो बाँडचं व्याज म्हणून स्वतःच्या खिशातले पैसे आईच्या खात्यात भरत होता. त्यात कधी खंड पडू दिला नाही. उशीर झाला तर तिला शंका येईल, म्हणून एक तारखेचं व्याज तो आदल्या दिवशीच भरून मोकळा व्हायचा. रिटर्नमध्ये तो आकडा हाताने टाकायचा आणि त्यावरचा टॅक्सही मुकाट्याने भरायचा. नसलेल्या व्याजावर इमानेइतबारे टॅक्स भरणारा दुसरा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. जास्त भरणाऱ्याला सरकार तरी कशाला हटकेल?

पण या नव्या सॉफ्टवेअरने घात केला होता. त्यात एक निळं बटण होतं. ते दाबलं की सरकारदरबारी नोंदलेलं सगळं उत्पन्न आपोआप रकान्यांत येऊन बसायचं. म्हणजे बाँडचा रकाना कोरा राहणार, आणि तोही आईच्या डोळ्यांदेखत.

“बटण दाब ना,” आई म्हणाली.

“त्यात चुका फार असतात. मी हातानेच टाकतो, मला आकडा पाठ आहे.”

“पाठ आहे?”

“दरवर्षी तोच तर असतो.”

“मग जुळतोय का बघू की. दाब.”

“नेट स्लो आहे आज.”

“मला कुठे जायचंय?” आईने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. “घाम का आलाय तुला?”

“उकडतंय.”

आईने उठून पंखा वाढवला आणि परत येऊन बसली. पिंट्याने चहाचा घोट घेतला. रोज नवशिक्यांना ‘घाबरायचं नाही, ब्रेक आपल्या पायाखाली आहे’ असं सांगणारा हा माणूस, पण आज त्याच्याच पायाखाली ब्रेक नव्हता. पैसे गेल्याचं दुःख त्याने केव्हाच पचवलं होतं. त्याला भीती होती ती वेगळीच. ही बाई जगात एका माणसावर डोळे मिटून विश्वास टाकते आणि तो आपण आहोत. आज ते संपणार.

आईनेच हात पुढे केला आणि बटण दाबलं.

पडद्यावर एक गोल फिरू लागला. सांगून टाकावं, कोरा रकाना दिसायच्या आधी आपल्या तोंडून तरी कळू दे, असं त्याला वाटलं.

“आई, मला तुला एक सांगायचंय.”

“थांब, येतंय बघ.”

पेन्शनचा आकडा आला. बचत खात्यावरचं व्याज आलं. मग तिसरी ओळ उमटली, ‘सरकारी रोखे, व्याज’, आणि तिच्यापुढे आकडा होता.

पिंट्याने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. आकडा जागचा हलला नव्हता. त्याला पाठ असलेल्या आकड्याच्या जेमतेम निम्मा होता, पण होता.

“हे... हे कुठून आलं?” त्याच्या तोंडून निघून गेलं.

“सरकारकडून. या खेपेला एक तारखेला आलं,” आई म्हणाली. “सरकार कधी आदल्या दिवशी पैसे देत नसतं, पिंट्या. पहिल्याच वर्षी कळलं मला.”

त्याची मान खाली गेली. आईने लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला आणि चष्मा सारखा करत पुढचा रकाना वाचू लागली.

“तू टाकलेल्या पैशाला मी हात लावला नाही. गेल्या वर्षी त्याचेच बाँड घेतले, माझ्या मूळ रकमेच्या निम्मे होत आले,” ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “आता पुढच्या महिन्यातला हप्ता चुकवू नकोस.”