फुली नसलेलं पान

खोडरबर शोधायला तिनं नवऱ्याच्या कामाच्या टेबलाचा खण ओढला. सँडपेपरखाली गोळ्यांची पाकिटं होती. भरलेली. एकही गोळी काढलेली नव्हती.

"ऐकताय ना बाई?" कानाशी धरलेल्या फोनमधून प्रकाशक म्हणाले. "शेवटचं प्रकरण आज छपाईला जायलाच हवं. काय लिहिलंय हो! तो गोळ्या खिडकीबाहेर भिरकावतो आणि म्हणतो, 'आता तू आहेस, मला दुसरं औषध नको.' आमच्या हिनं तर रडून उशी भिजवली."

"थोड्या वेळानं बोलते," म्हणत तिनं फोन ठेवला.

नवरा खिडकीशी बसला होता. फोटोंना फ्रेम करून द्यायचा त्याचा धंदा. समोर फ्रेम तयार, काच पुसून ठेवलेली, आणि हा बाबा नुसता त्या काचेकडे बघतोय. दाढी वाढलेली. सकाळचा चहा साय धरून तसाच पडलेला. काही दिवस हे असंच चाललं होतं आणि ती स्वतःला बजावत होती की कामाचा ताण असेल, दुसरं काही नाही.

दुसरं काय असतं ते तिनं पाहिलं होतं. गेल्या वर्षी तो अंथरुणातून उठेना. अंघोळीला जा म्हटलं तरी डोळ्यांत पाणी. मग डॉक्टर, गोळ्या, डॉक्टरांशी तासन्‌तास बोलणं, पुन्हा गोळ्या. असं करत करत माणूस कामाला लागला. एक दिवस शिट्टीसुद्धा वाजवली पठ्ठ्यानं, तीही बेसूर. त्या आनंदात तिनं ही कादंबरी लिहायला घेतली. नायक उघडउघड तोच होता.

तिच्या कादंबऱ्यांचा पहिला वाचकही तोच. कानावरची जाडी पेन्सिल काढायचा आणि जिथं खोटं वाटेल तिथं फुली मारायचा. बायको म्हणून भीडभाड नाही. 'ओठ थरथरले', फुली. 'काळजाचं पाखरू झालं', फुली, आणि समासात शेरा, 'अगं, कुणाचं?' ती भांडायची, रुसायची आणि शेवटी मुकाट्यानं खोडायची. या शेवटच्या प्रकरणावर मात्र एकही फुली पडली नव्हती. ती केवढी हुरळून गेली होती!

तिनं पाकिटं त्याच्यापुढे ठेवली.

"कधीपासून?"

त्यानं पुसलेली काच पुन्हा पुसायला घेतली.

"अरे, मी काय विचारतेय?"

"तू ते प्रकरण वाचायला दिलंस तेव्हापासून. घेतली म्हणून नुसतं सांगायचो."

"डॉक्टरांना विचारलंस?"

त्यानं मान हलवली. नाही. मग काचेकडे बघतच बोलला, "तू लिहिलंस ना, त्याला ती पुरली. मला वाटलं, आपण रोज सकाळी हिच्यासमोर गोळी घेतो. म्हणजे रोज हिला सांगतो की तू मला पुरत नाहीस."

तिला रडू फुटलं. रागही आला, त्याचा थोडा आणि स्वतःचा फार. ज्या माणसानं तिची एक खोटी ओळ कधी चालवून घेतली नाही, त्यानं सगळ्यांत मोठी थाप खरी मानली होती. कारण ती तिनं लिहिली होती.

"चष्म्याशिवाय तुला मी दिसत नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "मी कधी म्हटलं का, माझ्यावर प्रेम असेल तर चष्मा फेकून दे?"

"चष्म्याचं वेगळं असतं."

"काडीचं वेगळं नसतं!"

तिनं त्याच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरबाई आधी चांगल्या रागावल्या. मग म्हणाल्या, आजच घेऊन या, आपल्या मनानं काही सुरू करू नका आणि त्यांना एकटं सोडू नका. तो उठून शर्ट शोधायला लागला. बटणं लावताना त्याची बोटं सारखी चुकत होती. तिला मदत करावीशी वाटत होती, पण ती थांबली.

तेवढ्यात पुन्हा प्रकाशक.

"मग, पाठवू ना छपाईला?"

"नाही. शेवट खोटा आहे."

"खोटा? अहो, त्या शेवटावर तर पुस्तक खपणार! तो गोळ्याच घेत बसला तर प्रेमकथा कसली राहिली?"

फोन तसाच चालू ठेवून तिनं शेवटचं पान टेबलावर पसरलं, त्याच्या कानावरची पेन्सिल काढली आणि त्याच्या हातात दिली.

"मार."

त्यानं 'मला दुसरं औषध नको' ही ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यानं त्या ओळीवर फुली मारली, वेडीवाकडी, पण टोक मोडेल एवढ्या जोरानं. मोडलेल्या टोकानंच समासात सावकाश काहीतरी खरडलं, आणि तिनं ते प्रकाशकांना जसंच्या तसं वाचून दाखवलं.

'अगं, ती आहे म्हणून तर तो गोळ्या घेतो.'